दुखापतींचा हंगाम आणि चुकलेले निदान

अमेरिकन फुटबॉलमध्ये सामना जिंकूनही हंगाम हरता येतो, हे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने २० सप्टेंबर २०२० रोजी अनुभवले. न्यूयॉर्क जेट्सला त्यांनी ३१-१३ असे सहज नमविले. पण बचावफळीचा आधारस्तंभ निक बोसा आणि सॉलोमन थॉमस या दोघांच्याही गुडघ्याचे अस्थिबंध त्याच दुपारी फाटले. क्वार्टरबॅक जिमी गॅरोपोलोचा घोटाही दुखावला. जेमतेम साडेसात महिन्यांपूर्वी हाच संघ सुपर बोलच्या अखेरच्या सत्रात २०-१० असा आघाडीवर होता. तो सामना गेला तो गेलाच. त्यानंतरच्या हंगामात सहा विजय, दहा पराभव आणि गटात तळाचे स्थान पदरी पडले. डिसेंबरात कोरोनाच्या निर्बंधांमुळे 'घरचे' सामनेही शेजारच्या अॅरिझोना राज्यात खेळावे लागले.

हे सारे दुर्दैव म्हणून सोडून देणे सोपे आहे, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र या खेळात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा असते. अव्वल खेळाडूंना भरघोस मोबदला दिला की राखीव फळीसाठी उरते ते किरकोळच. त्यामुळे पहिली फळी कोसळल्यावर दुसरी उघडी पडणे अटळ असते.

व्यवस्थापनाने मात्र सारा रोख गॅरोपोलोकडे वळविला. सहाच सामने खेळू शकलेल्या या खेळाडूवर विसंबता येणार नाही, असे प्रशिक्षक काइल शॅनाहॅन आणि सरव्यवस्थापक जॉन लिंच यांनी ठरविले. महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील पहिल्या फेरीचे तब्बल तीन हक्क, शिवाय तिसऱ्या फेरीचा एक, देऊन त्यांनी मार्च २०२१ मध्ये तिसरा क्रमांक मिळविला आणि ट्रे लान्सला निवडले. दुखापतीवरचा हा उतारा २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडून बसला! ज्याला बदलायचे होते, तोच गॅरोपोलो पुन्हा मैदानात आला. डिसेंबरात त्याचाही पाय मोडला. मग धुरा आली ती त्या वर्षीच्या निवडीत २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा ठरलेल्या ब्रॉक पर्डीकडे. त्याने सामन्यांमागून सामने जिंकून दिले.

जानेवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियातील उपान्त्य लढतीत पर्डीच्या कोपराचा अस्थिबंध फाटला. बदली आलेला जोश जॉन्सनही डोक्याला मार बसून बाहेर गेला. चेंडू लांब फेकण्याचे त्राण हातात नसलेला पर्डीच पुन्हा मैदानात उतरला आणि संघ ३१-७ असा हरला.