धुकें, टपाल आणि पैवस्ती

पौष-माघांत नगरच्या पेढ्यांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते, ती ही कीं उत्तरेकडील टपाल वेळेवर येत नाहीं. तक्रार खरी आहे; परंतु तिचें खापर आमच्या थंडीवर फोडणें उचित नव्हे. अकोल्याच्या डोंगरांत पहांटे कितीही हुडहुडी भरली, तरी तिनें पत्र अडत नाहीं. अडतें तें गंगा-यमुनेच्या खोऱ्यांतील दाट धुक्यानें. दिल्लीहून मनमाडमार्गें येणाऱ्या गाड्या त्यांत तासांचे तास खोळंबतात, विमानांचीही तीच गत होते. आणि १८७८ सालच्या दौंड-मनमाड लोहमार्गावरील आमचें शहर निरभ्र आकाशाखालीं वाट पाहत बसतें.

धुक्यास कोण काय करणार? आमचा प्रश्न निराळा आहे. पत्रास उशीर झाला, याची साक्ष कोठें राहते?

पूर्वीं ती राहत असे. मराठेशाहींत काशिदानें किंवा जासुदानें कागद आणून दिला, कीं तो कोणत्या दिवशीं हातीं पडला हें कारकून त्याच कागदावर लिहून ठेवी. यास पैवस्ती म्हणत. लिहिल्याची मिति आणि पैवस्तीची मिति यांतील अंतर म्हणजेच वाटेंत गेलेला काळ. इतिहाससंशोधकांनीं कित्येक पत्रांचीं सालें या एका ओळीच्या आधारें लाविलीं आहेत. (पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला, त्याची वार्ता सुमारें दहा दिवसांनीं भेलशाजवळ नानासाहेब पेशव्यांस कळली ती एका सावकारी पत्रावरून, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.)

इंग्रजी अमदानींत १८५४ सालीं अंतर न पाहतां अर्ध्या आण्याचें सरसकट हंशील सुरू झालें, १८७९ सालीं एका पैशाचें कार्ड निघालें, आणि पैवस्तीची जागा शिक्क्यानें घेतली. जुन्या पेट्यांत जपलेलीं कार्डें पाहावीं: एक शिक्का टाकल्याचा, दुसरा पोंचल्याचा. आज हा दुसरा शिक्का बहुधा उमटतच नाहीं, उमटला तर तो शाईचा डाग असतो.

ही क्षुल्लक बाब नव्हे. नोंदणीनें, पत्ता व हंशील बरोबर असतां, धाडलेला कागद नेहमीच्या क्रमानें ज्या वेळीं पोंचावयाचा त्या वेळीं पोंचला, असें १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट गृहीत धरतो. तसें झालें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर. धनादेश न वटल्याची नोटीस हातीं आल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावे लागतात. ते पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून मोजावयाचे? साध्या टपालानें निघालेलें मुलाखतीचें बोलावणें मुलाखत उलटल्यावर पारनेरच्या किंवा शेवगांवच्या एखाद्या तरुणास मिळालें, तर त्याच्या हातीं कोणता पुरावा उरतो?

संगणकांत नोंद असते, असें उत्तर मिळेल. स्पीड पोस्टपुरतें तें खरें आहे, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणी टपालही त्यांतच विलीन झालें आहे. पण साध्या पत्रास तो क्रमांक नाहीं. आणि क्रमांक असला तरी तो यंत्रांत घालून उतारा काढून ठेवणें प्रत्येक शेतकऱ्यास साधतें असें मानणें म्हणजे शहरी भोळेपणा होय.

म्हणून टपालखात्यानें निदान मार्गशीर्षापासून माघापर्यंत प्रत्येक पाकिटावर पोंचल्याचा वाचतां येईल असा शिक्का मारावा, आणि मुलाखतीस बोलावणाऱ्या कचेऱ्यांनीं त्या तारखेपासून मुदत धरावी. यास नवा कायदा नको, ताजी शाई हवी. दोष पोस्टमनाचा नाहीं. तो बिचारा उशिरा आलेली थैली त्याच दिवशीं वांटून मोकळा होतो. तोंवर आमच्या व्यापारी बंधूंनीं आवक बारनिशी नित्य लिहावी, पाकीट फाडून फेकूं नये, आणि त्याच्या पाठीवर आलेली तारीख व वेळ स्वहस्तें टिपून ठेवावी.