आजींचा गाल आणि कांद्याचा पापुद्रा

भिंग आपल्याकडे घराघरांत असते. आजोबा त्यातून पंचांग वाचतात आणि नातू उन्हात कागद जाळतो. सूक्ष्मदर्शकात भिंगेच असतात, पण ती दोन टप्प्यांत काम करतात. वस्तूजवळचे भिंग तिची मोठी, उलटी प्रतिमा नळीत उभी करते. डोळ्याजवळचे भिंग त्या प्रतिमेला आणखी मोठी करून दाखवते. दहापट आणि वर दहापट, म्हणजे शंभरपट! काचपट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळते. नवख्याची पहिली दहा मिनिटे या पाठलागातच जातात.

मग भिंगावर भिंगे चढवून हवे तेवढे मोठे का करू नये? प्रकाशाची लाटच आडवी येते. मिलिमीटरच्या पाचहजाराव्या भागाहून जवळचे दोन ठिपके साध्या सूक्ष्मदर्शकात एकच दिसतात. सुदैवाने पेशी त्याहून बऱ्याच मोठ्या असतात. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात जे रिकामे खण पाहिले, त्यांना त्याने मठातल्या कोठड्यांचे नाव दिले. तेच पुढे रूढ झाले.

आपटा आणि हमरापूर यांच्या मधल्या जिते स्टेशनाजवळ माझी थोरली बहीण राहते. तिच्या मुलाने शाळेच्या प्रदर्शनासाठी सूक्ष्मदर्शक आणला होता. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पापुद्रा, वर आयोडिनचा थेंब. विटांची भिंत दिसली आणि प्रत्येक विटेत एक पिवळसर ठिपका, तिचे केंद्रक. मग त्याने स्वतःच्या गालाचा आतला भाग काडीने हलकेच खरवडला. या पेशींना विटांची शिस्त नसते. चपट्या, वेड्यावाकड्या, मधोमध केंद्रक.

"आजी, आता तुझ्या गालाच्या दे!"

"माझ्या गालात काय बघायचंय? मिश्रीनं दात घट्ट राहतात हो," म्हणत ताईच्या सासूबाईंनी तोंड उघडले. आत पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, पुसला जात नव्हता. "वर्ष झालं असेल," त्या सहज म्हणाल्या.

पोराच्या यंत्राचे हे काम नव्हे. खरवडून वरच्या झडलेल्या पेशी येतात; खाली काय चालले आहे ते कळायला तुकडाच घ्यावा लागतो. तो फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवतात आणि मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढतात. दोन रंग दिले की केंद्रके जांभळी निळी आणि बाकीचे गुलाबी दिसते. तपासणारा डॉक्टर केंद्रके सारखी आहेत की फुगलेली, वेडीवाकडी, ते पाहतो. आणि पेशींनी आपली तळची सीमा ओलांडली आहे का, तेही. सगळेच पांढरे चट्टे कर्करोगाचे नसतात, पण नुसत्या डोळ्यांनी तसे ठरवणे हा जुगार आहे.

हे काम आपल्याकडे रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रणी. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू-पानाची सवय यांचा संबंध त्यांनी अभ्यासला. त्यांच्या विद्यार्थिनी पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे. एम्‌.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या पेशी तपासल्या होत्या. पुढे मुंबईत काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. सीताफळापासून कर्करोगापर्यंतची ही वाट मला फार आवडते.

सासूबाईंना हे सांगितले, तर म्हणाल्या, "एवढं शिकलेली बाई म्हणते, तर दाखवू या." पेणच्या डॉक्टरांनी तुकडा काढून मुंबईला पाठवला आहे. मिश्रीची डबी ताईने उचलून ठेवली. त्यावरून दोन दिवस अबोला होता. निकाल पुढच्या आठवड्यात येईल.