निर्मळ पाणी आणि माशातील विष

नदी वाहती असल्याने तिच्यात पडलेली घाण आपोआप नाहीशी होते, अशी एक जुनी समजूत आहे. सेंद्रिय मळाच्या बाबतीत ती काही अंशी खरी आहे. पाण्यातील जीवाणू प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे विघटन करतात. परंतु पारा, शिसे, कॅडमियम व क्रोमियम ही मूलद्रव्ये होत. त्यांचे विघटन होत नाही. ती तळाच्या गाळात साठतात आणि तेथून पुन्हा सजीवांच्या शरीरात शिरतात.

याचा दाखला जपानमधील आगानो नदीने दिला. तिच्या मुखाकडील निइगाता भागात हातापायांना बधिरता येणे, दृष्टीचा आवाका आकुंचित होणे, चालताना तोल जाणे असा विकार १९६५ साली उघडकीस आला. त्याचे मूळ सुमारे ६० किलोमीटर वरच्या अंगास असलेल्या ॲसिटाल्डिहाइडच्या कारखान्यात होते. सांडपाण्यातील मिथिल पारा नदीच्या पाण्यात अत्यल्प होता. पण सूक्ष्म वनस्पतींतून लहान जीवांत व त्यांतून माशांत जाताना त्याचे प्रमाण प्रत्येक पायरीस वाढत गेले. नदीतील मासे हेच ज्यांचे नित्याचे अन्न, त्यांनाच ही बाधा झाली. १९७१ साली न्यायालयाने कारखान्यास जबाबदार ठरविले. परंतु गेलेली दृष्टी कोणत्याही निवाड्याने परत येत नाही.

भारतात हा प्रश्न परका नाही. कानपूरनजीक जाजमऊ येथे कातडी कमावण्यासाठी क्रोमियमचे क्षार वापरतात. प्रचलित पद्धतीत त्यांतील बराच भाग कातड्यात न मुरता सांडपाण्यात जातो. क्रोमियम पाऱ्याप्रमाणे पायरीपायरीने वाढत नाही, हे खरे. तथापि ते गाळात साठून राहते. शुद्धीकरण केंद्रही धातूचा नाश करीत नाही, त्याची केवळ जागा बदलते. पाण्यातून निघालेला धातू केंद्राच्या गाळात उतरतो, आणि तो गाळ शेतात पडला तर प्रश्न नदीतून जमिनीत जातो.

म्हणून धातू कारखान्याच्या दारातच अडविला पाहिजे. क्रोमियमयुक्त सांडपाण्यात अल्क घालून त्याचा साका बसविता येतो, आणि तो आम्लात विरघळवून पुन्हा वापरता येतो. खर्चाची सबब येथे फारशी टिकत नाही. जो पदार्थ विकत घ्यावा लागतो, तोच ओतून देण्यात कसली काटकसर?

दुसरी गोष्ट परीक्षेची. केवळ पाण्याचा नमुना तपासून नदीला निर्दोष ठरविणे अपुरे आहे. गाळ व मासे यांचीही नियमित तपासणी हवी, आणि तिचे निष्कर्ष काठावरच्या लोकांना त्यांच्या भाषेत कळले पाहिजेत. मासे खाऊ नका, एवढेच सांगून कर्तव्य संपत नाही. मासा हे गरिबाचे पौष्टिक अन्न आहे आणि कोळ्याची उपजीविकाही. ज्याने विष सोडले नाही, त्याच्याच ताटातला घास काढून घेणे हा न्याय नव्हे.