आधी कर्ज नाकारायचं, मग महाग करून विकायचं

मोहल्ल्यात घरकर्जाचा विषय निघाला की आपली चर्चा ‘व्याज हराम की मजबुरीत चालतं’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. मसला विचारणारे खूप भेटतात, कर्जाचं मंजुरीपत्र वाचणारा क्वचित. व्याज देणाऱ्या गरिबाला आपण गुन्हेगार ठरवतो, घेणाऱ्याला मात्र साधा प्रश्नही विचारत नाही.

काही बँका ठरावीक वस्त्यांना ‘निगेटिव्ह झोन’ ठरवतात आणि तिथे सहजासहजी कर्ज देत नाहीत, हे सच्चर समितीने २००६ सालीच नोंदवलं. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कामगाराकडे पगाराची स्लिप नसते, घराचे कागद अर्धवट असतात. बँक त्याला उभं करत नाही. मग खासगी फायनान्सचा एजंट दारात येतो. “कागद नसले तरी चालतील, चाचा.” त्या ‘चालतील’ची किंमत नंतर कळते.

हिशेब मांडू. दहा लाखांचं कर्ज, वीस वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण ८,६७८ रुपये. पंधरा टक्क्यांनी १३,१६८. शेवटपर्यंत फेडलं तर फरक पावणेअकरा लाखांचा, म्हणजे मूळ कर्जापेक्षा जास्त! शिवाय फाईलचा खर्च, आणि विम्याचा हप्ता कर्जातच मिसळलेला, त्यावरही व्याज.

जोखीम जास्त म्हणून दर जास्त, असं कंपन्या सांगतात. अहो, साडेचार हजारांचा जादा बोजा टाकल्यावर हप्ता थकणार नाही तर काय? आणि जोखीम कसली, घर तर तारण आहे. तीन महिने थकले की खातं बुडीत ठरतं. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस आणि त्यानंतर ताबा. दिवाणी कोर्टाचा निकाल लागत नाही. कर्जदाराला कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत दाद मागता येते, पण इंग्रजी नोटीस घेऊन तो आधी वकील शोधणार की लूमवर जाणार?

ही चाल जुनी आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवल्या गेल्या, कर्ज बंद. पुढे त्याच वस्त्यांत महागडी सबप्राइम कर्जं विकली गेली. चांगल्या कर्जाला पात्र असलेल्या काळ्या आणि लॅटिनो ग्राहकांनाही महाग कर्जाकडे ढकलल्याच्या आरोपावरून वेल्स फार्गो बँकेने २०१२ साली साडेसतरा कोटी डॉलर देऊन सरकारशी तडजोड केली. दोष मात्र कबूल केला नाही. आपल्याकडे असा खटला कुणी भरला? दलित वस्तीतल्या, गुंठेवारीतल्या हिंदू कामगाराचीही हीच गत आहे. तोही आपल्यासोबत उभा राहू शकतो, कुणी बोलावलं तर.

तंगीतल्या कर्जदाराला मुदत देण्याची शिकवण मिंबरवरून आपण ऐकतो. मग मशीद कमिटीने जुम्याच्या नमाजनंतर एक वकील बसवावा आणि सही करण्याआधी मंजुरीपत्र वाचून घ्यावं. कुठल्या बँकेने कुठल्या मोहल्ल्याला नकार दिला याची वही ठेवावी आणि ती वही घेऊन जिल्ह्याच्या लीड बँकेच्या दारात जावं.