पोट कोण दाबणार?


व्हिडिओवर रुग्ण तपासणे बेकायदा असल्याचे एका पत्रलेखक डॉक्टरांचे म्हणणे बरोबर नाही. २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरांना तशी मुभा दिली. अमली वर्गातली औषधे मात्र लिहून देता येत नाहीत. तरी त्या डॉक्टरांची धास्ती खरी आहे. मोबाइलवरून पोट दाबता येत नाही. डोळे पिवळे दिसतात ते बल्बमुळे की काविळीमुळे, हेही कळत नाही. पण आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्या निरक्षर बायकासुद्धा आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. असे जाणते माणूस रुग्णाशेजारी असेल, तर अकोले तालुक्यातल्या वाडीवरून आलेला कॉल जरूर घ्यावा. नुसता नातू मोबाइल धरून उभा असेल, तर सरळ ‘दवाखान्यात या’ म्हणावे.
– एक वाचक, संगमनेर