नाव एक, बरण्या तीन

माझी मावशी मूळची निपाणीची. लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला चाळीस वर्षे झाली, पण रागावली की अजून कानडीत बोलते. मे महिन्याच्या सुट्टीत मी दांडिया बाजारातल्या तिच्या घरी पोहोचले, तेव्हा कानडीच चालू होती. कारण माझा मावसभाऊ.

त्याने तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आणि नोकरी धरली नाशिककडच्या एका वाइनरीत. गुजरातेत तर १९६० साली राज्य झाल्यापासून दारूबंदी. "शेजारी विचारतात, मुलगा काय करतो? मी सांगते, द्राक्षांच्या कारखान्यात आहे," मावशी म्हणाली. तो ताटावरून उठला.

संध्याकाळी गच्चीवर मीच विषय काढला. आमच्याकडे ह्यांच्या मित्राने एकाच वाइनरीच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एकीचे कौतुक झाले, दुसरी तशीच उरली. असे का व्हावे?

तो खुलला. "अक्का, नाव एक असले तरी मळे अनेक. ग्रोव्हर झाम्पाचेच बघ. २०१२ साली दोन कंपन्या एक झाल्या. आता त्याच नावाची वाइन नाशिककडे होते आणि तुमच्या कर्नाटकात नंदी टेकड्यांजवळही. एवढे लांब कशाला, एकाच मळ्यात मुरमाड तुकड्यातला माल वेगळा, काळ्या मातीतला वेगळा. वेलीवर घड जास्त ठेवले की रस पातळ. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. तोडणीच्या वेळी ऊन वाढले की साखर चढते, आंबटपणा उतरतो. या सोमवारची द्राक्षे आणि पुढच्या सोमवारची द्राक्षे सारखी नसतात."

"आणि कारखान्यात आल्यावर?"

"यीस्ट साखर खाते, तिची दारू होते. पांढरी वाइन साधारण १२ ते १८ अंशांत आंबवावी लागते. टाकी तापली की सुवास उडाला. ओकच्या एका पिंपात २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या; नव्या पिंपाचा वास जुन्याला येत नाही. शेवटी सगळ्या टाक्या चाखायच्या. उत्तम ती महाग लेबलाला, बाकीची स्वस्त लेबलाला. एवढे करूनही दुकानदाराने बाटली उन्हात ठेवली, तर संपलेच."

मावशी कैऱ्यांच्या फोडी वाळत घालायला वर आली होती. पाठमोरीच म्हणाली, "यात नवीन काय? माझ्या तीन बरण्या. कैरी एका झाडाची, मीठ एका हाताचे. खिडकीतली आधी मऊ पडते. ओल्या फोडींची मी वेगळी काढते, ती आधी संपवायची. निपाणीला जाते ती चांगलीच."

"आई, माझे काम तेच आहे," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "यंदा एक टाकी बिघडली होती. चांगल्या मालात मिसळून टाक, असे वरून सांगितले. मी सही केली नाही. त्यावरून बोलणी खाल्ली."

"मग?"

"नाही मिसळली."

मावशी काही बोलली नाही. फोडी उलटत राहिली.

वाचकहो, ऐदु बेरळु ओंदे सम इरल्ल, पाची बोटे सारखी नसतात, हे आपण दोन्ही भाषांत म्हणतो. पण ते म्हणून आपण सुटतो. बोटे सारखी नसतीलच. माल कमी-अधिक उतरणारच. कमी उतरलेला माल चांगल्याच्या नावाखाली खपवायचा की नाही, एवढेच माणसाच्या हातात असते. आम्हा मास्तरांना गुणपत्रिकेवर सही करताना हे आठवले तर बरे.

निघायच्या दिवशी शेजारच्या बेन निरोपाला आल्या. त्यांनी विचारले, "भाई काय करतो?" मावशीने आवाज थोडा खाली आणला, पण सांगितले, "वाइनच्या कारखान्यात आहे. त्याने चाखून हो म्हटल्याशिवाय माल बाहेर जात नाही."

मला बरणी मिळाली. खिडकीतली नव्हे.