बाबांचा वर्ग कधी भरणार?

स्टॉकहोममधल्या आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत मध्यंतरी मुलांना 'माझे बाबा' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितलं होतं. सात वर्षांच्या एका मुलीनं लिहिलं : 'माझे बाबा मला मराठी शाळेत सोडतात. मग ते गाडीत बसतात. मग ते मला घ्यायला येतात.' उरलेल्या दोन ओळी आईच्या थालीपिठावर होत्या. निबंध पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरला आणि सगळे हसले. त्याच दिवशी शेजारच्या खोलीत 'मुलांचा राग कसा हाताळावा' या विषयावर व्याख्यान होतं. खुर्च्यांवर सगळ्या आया. बाबामंडळी खाली कॉफीच्या यंत्रापाशी उभी राहून घराच्या कर्जाचे व्याजदर आणि भारताची फलंदाजी यांवर बोलत होती.

हे स्टॉकहोममध्ये घडावं, याचा त्रास होतो. कारण हेच बाबा एरवी बाबागाडी ढकलत पेंडेलटोगमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, चढताना दिसतात, आठवडाभर वाब (मूल आजारी असताना मिळणारी रजा) घेऊन तापलेल्या मुलाशेजारी बसतात. मंडळाच्या सभागृहात पाऊल टाकलं की मात्र ते ध्वनिक्षेपक उचलणारे, मखर बांधणारे आणि गाडी काढणारे होतात. गणपतीच्या कार्यक्रमात बाळ रडलं की हातोहात आईकडे पोचवलं जातं. आई नऊवारी नेसून विंगेत उभी असली तरीही.

या देशात बाबा आपोआप घरी बसायला लागले नाहीत. स्वीडननं 1974 मध्ये मातृत्वरजेच्या जागी आई-बाप दोघांनाही घेता येईल अशी पालकरजा आणली. त्या वर्षी पुरुषांनी एकूण रजेच्या दिवसांपैकी जेमतेम अर्धा टक्का दिवस घेतले. फोर्सेक्रिंग्सकासान या सामाजिक विमा संस्थेनं राष्ट्रीय संघाच्या पोशाखातल्या लेनार्ट डालग्रेन या धिप्पाड वेटलिफ्टरच्या हातात तान्हं मूल देऊन त्याचं छायाचित्र जाहिरातीत वापरलं. ते चित्र गाजलं, पण रजेचे आपल्या वाट्याचे दिवस पुरुष सही करून बायकोला देतच राहिले. शेवटी 1995 मध्ये एक महिना असा ठेवला गेला, की तो दुसऱ्याला देता येणार नाही. घेतला नाही तर बुडाला. 2002 मध्ये असे दोन महिने झाले आणि 2016 पासून 480 पैकी 90 दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत. आज पुरुष सुमारे 30 टक्के दिवस घेतात. मुलाजवळ जायला बाबाला नुसती परवानगी पुरली नाही, त्याच्यासाठी जागा राखून ठेवावी लागली.

रजेच्या जोडीला शिकण्याची सोयही उभी राहिली. बीव्हीसीमध्ये, म्हणजे बाळांच्या आरोग्यकेंद्रात, बाबाशी स्वतंत्र बोलणं होतं, आणि त्यात बाळाच्या वजनाइतकीच त्याच्या स्वतःच्या झोपेची, चिडचिडीची चौकशी होते. ओप्ना फोरस्कूलात, म्हणजे पालकांसह भरणाऱ्या खुल्या बालवाडीत, नाव नोंदवावं लागत नाही, पैसे पडत नाहीत. मूल घेऊन जायचं, गाणी म्हणायची, इतरांशी बोलायचं. पुरुषांच्या हिंसेविरुद्ध 1993 पासून काम करणारी 'मेन' ही संस्था बाबांचे गट चालवते. गटाचा मार्गदर्शक स्वतः बाप असतो. आपले वडील आपल्याशी कसे वागले, रात्री कोण उठतं, राग आला की काय होतं, हे तिथले विषय.

मूल वाढवणं बाईला जन्मतः येतं आणि पुरुषाला ते शिकवावं लागतं, अशी समजूत आपल्या घराघरांत आहे. खरं पाहता बाईलाही कोणीतरी शिकवलेलंच असतं. बाळंतपणाला ती माहेरी जाते. तिथे आई असते, काकू असते, मालिशवाली असते. बाळाला पायांवर कसं घ्यायचं, टाळू कशी भरायची, पोट दुखतंय की भूक लागली आहे हे रडण्यावरून कसं ओळखायचं, हे सगळं त्या खोलीत हाताला लागतं. बाळाचा बाप बारशाला येतो, पेढे देतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. ज्या खोलीत ही विद्या शिकवली जाते, तिथे त्याला कोणी बसूच दिलेलं नसतं.

इथे माहेर नाही. म्हणून तरी बाबा त्या खोलीत येईल, असं वाटतं. पण आजी नव्वद दिवसांच्या व्हिसावर येते, सुटकेस उघडून डिंकाचे लाडू काढते आणि बाबा पुन्हा लॅपटॉपपाशी जातो.

प्रस्तुत लेखिकेच्या घरातली उदाहरणं सांगायची तर दोन पिढ्यांत तीन बाप झाले. तिचे वडील साताऱ्याला शिक्षक होते, मायाळू होते, पण मुलीची नखं त्यांनी कधी कापली नाहीत. तिचा भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. त्याला पंधरा दिवसांची पितृत्वरजा मिळाली; तिच्यातली बरीचशी दवाखान्यात आणि बारशाच्या तयारीत गेली. तिचा नवरा मात्र मूल दहा महिन्यांचं असताना रजा घेऊन घरी राहिला. पहिले काही दिवस दर तासाला फोन यायचा : पेज किती पातळ करू, टोपी कुठे आहे, हा झोपतच नाही. मग फोन थांबले. त्याला मुलाची भूक कळायला लागली. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणूनच ती कळली. तापलेल्या मुलाला रात्री दोन वाजता औषध पाजण्याचं कसब ते पाजूनच येतं. तिसऱ्या पिढीत, म्हणजे त्या मुलात, याचं काय झालं? पडला-लागला की तो समोर जो दिसेल त्याच्याकडे धावतो, आईला शोधत बसत नाही.

मराठीचाही इथे मोठा संबंध आहे, आणि मंडळानं तो मनावर घ्यायला हवा. बहुतेक घरांत पहिले महिने आई रजा घेते आणि नंतरचे बाबा. फोरस्कूलात, म्हणजे इथल्या बालवाडीत, मूल वर्षाच्या आत जात नाही. म्हणजे बाबाच्या वाट्याला नेमके ते महिने येतात, ज्यांत मूल पहिले शब्द बोलतं आणि ज्यांनंतर त्याचा दिवस स्वीडिशमध्ये जायला लागतो. दिवसभर मराठी ऐकण्याचे मुलाच्या आयुष्यातले ते शेवटचे महिने. त्या काळात बाबा दिवसभर मोबाइल लावून गप्प बसला, तर पुढे शनिवारची दीड तासाची शाळा ते कसं भरून काढणार? ते महिने बाबा कसे वापरतो, यावर मुलाची मराठी बरीच अवलंबून आहे. तरीही मराठी शाळेच्या प्रवेशअर्जावर आईचाच फोन नंबर असतो, गृहपाठाचे निरोप आईलाच जातात.

यावर काही जण म्हणतील, बाबांना असं शिकवणं हे श्रीमंत देशाचे लाड आहेत. तसं नाही. रवांडात 'बांदेबेरेहो' नावाचा कार्यक्रम झाला. लहान मुलांच्या आणि होऊ घातलेल्या बापांची पंधरा सत्रं, काही सत्रांना बायकोही सोबत. शिकवणारे गावातलेच बाप. 1,199 जोडप्यांचा त्यासाठी अभ्यास झाला आणि 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना कार्यक्रम मिळाला त्या घरांत बायकांवरचा हिंसाचार कमी आढळला, मुलांना मारणं कमी आढळलं आणि पुरुष घरकामाला, मुलांना अधिक वेळ देताना दिसले. आपल्या मुंबईतही 'मावा' ही संस्था 1993 पासूनच पुरुषांशी याच प्रश्नांवर बोलते आहे, 'पुरुष स्पंदनं' हा दिवाळी अंक काढते आहे. तो अंक मंडळाच्या ग्रंथालयात असायला हवा.

मुलांना मारण्याचा विषय आला म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. स्वीडननं 1979 मध्ये, जगात सर्वांत आधी, मुलांवर हात उगारायला कायद्यानं बंदी केली, आणि त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघरी पोचवली. आपल्यातले बरेच पुरुष छडी खाऊन वाढले आहेत. हात उगारायचा नाही एवढं त्यांना समजलं आहे; त्याऐवजी काय करायचं, हे त्यांना कोणी दाखवलेलं नाही. 'मुलांचा राग' या विषयावरचं व्याख्यान खरं तर त्यांच्यासाठी होतं.

एवढा उपदेश वाचून काही बाबा दुखावतील, त्यांची मनापासून क्षमा मागायला हवी. कोणाचा इथे राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला आहे आणि कंपनीत कपात चालू आहे. कोणाला रात्री अमेरिकेशी बैठका असतात. शनिवारी कडाक्याच्या थंडीत मुलांना वेळेवर पोचवणारे हेच बाबा आहेत, आणि त्यांच्याशिवाय मंडळाचा एकही गणेशोत्सव उभा राहिला नसता. कितीतरी जणांना मुलाजवळ यायचं असतं, पण 'राहू दे, तुला जमणार नाही' असं म्हणून आयाच त्यांच्या हातातून वाटी काढून घेतात. त्या आयांनीही हा लेख वाचावा.

मंडळाकडे सभागृह आहे, शनिवार आहे, आणि खाली कॉफीपाशी बाबा आधीच जमलेले आहेत. मराठी शाळेच्या वेळेतच महिन्यातून एकदा बाबांचा गट भरू शकतो. दहाच्या वर माणसं नकोत, व्याख्याता नको. मुलं थोडी मोठी झालेल्या दोन बाबांनी गट चालवावा. तान्ह्या मुलांना बाबांनी सोबत आणावं, त्यांच्या आयांनी त्या दिवशी घरी राहावं किंवा हवं तिथे जावं. आजारपण, रात्रीची झोप, राग आणि मुलाला मराठीत गोष्ट सांगणं, एवढे विषय पहिल्या सत्राला पुरतील.

कार्यकारिणीनं येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. गट चालवायला तयार असलेल्या दोन बाबांनी आपली नावं शाळेच्या समन्वयकांकडे द्यावीत. आणि प्रवेशअर्जावर यापुढे दोघांचेही नंबर लिहावेत.